चाचा आणि लाकडी एलेव्हेटर

ओमानमध्ये मी नोकरीला गेलो तेव्हा त्या देशात आगगाडीचा एक रूळसुद्धा नव्हता. तरीही तिथं बसून मी रेल्वेच्या कडेला उभ्या असलेल्या एका लाकडी एलेव्हेटरचा संपूर्ण इतिहास ऐकला. इतक्यांदा ऐकला, की माझ्या आजोळचा इतिहासही मला इतका पाठ नाही. एलेव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे, धान्य साठवायची उंच कोठी, हे आधीच सांगून टाकतो. मी पहिल्याच दिवशी "लिफ्ट का?" असं विचारलं होतं आणि त्याची शिक्षा म्हणून माझी जेवणाची सुट्टी गेली होती.

इतिहासकार म्हणजे आमच्या पिठाच्या गिरणीतले सायलोवाले चाचा. सायलो म्हणजे गहू साठवायची काँक्रीटची उंच, गोल कोठी. गिरणी समुद्राकाठी होती. जेट्टीला गव्हाचं जहाज लागलं, की मोठ्या नळीने त्यातला गहू ओढून सायलोत चढवायचा आणि तिथून गिरणीत सोडायचा. या सगळ्यावर चाचांची सत्ता होती. मी आधी ओमानमधल्याच रुसैलच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात होतो, तिथून इथं इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून आलो. मी नागपूरचा, चाचा रत्नागिरीच्या खाडीकाठचे. गिरणीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे इतिहास मराठीतून ऐकण्याचा मान माझ्याकडे आला, आणि तो मला शेवटपर्यंत कुणाच्या गळ्यात घालता आला नाही.

चाचांचा अवतार पाहण्यासारखा होता. कंपनीचा निळा बॉयलर सूट, त्याच्या बाह्या कात्रीने उडवलेल्या, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी आणि भुवयांवर बारमाही पीठ. तोंडात कच्चे गहू. नवं जहाज आलं की चाचा मूठभर गहू तोंडात टाकत, चघळून चघळून त्याचा चिकट गोळा करत, तो बोटांनी ताणून बघत आणि निकाल देत. लॅबमधलं मशीन दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा उलटा निकाल देई. "मशीन थकलंय," असं म्हणून चाचा पुढच्या कामाला लागत.

गव्हाला लावतात तशी प्रतवारी ते माणसांनाही लावत. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन आणि शेवटी गुरांचं खाद्य. आमचा मॅनेजर पहिल्या दिवसापासून गुरांच्या खाद्यात होता. मी नंबर तीन, ओलसर. बुद्धपौर्णिमेला मी खोलीवर गव्हाची खीर केली, तेव्हा दोन वाट्या संपवून त्यांनी खिरीला नंबर दोन दिला. मी विचारलं, "आणि मला?" ते म्हणाले, "खीर गव्हाची हाय. त्यात तुझं काय?"

आता इतिहास.

तरुणपणी चाचा जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. एकदा त्यांचं जहाज गहू भरायला कॅनडाच्या बंदरात गेलं. पण गहू आणणारी आगगाडी वाटेत बर्फात अडकली आणि जहाज कित्येक आठवडे रिकामं उभं राहिलं. बंदरावरच्या एका गोऱ्या कामगाराने चाचांच्या हातचं मटण खाल्लं, घाम पुसला आणि आग्रहाने त्यांना आपल्या गावी नेलं. त्याचा म्हातारा बाप तिथल्या एलेव्हेटरचा कारभारी होता.

"पण गाडी अडकली होती ना?" मी विचारलं. "मग तुम्ही कशाने गेलात?"

"ती गव्हाची गाडी. माणसांची वेगळी."

"रूळ तर तेच असतील."

"तू इलेक्ट्रिकचा. तुना रुळांतलं काय कळतंय?"

इथं विषय संपे. गिरणीतल्या निम्म्या लोकांचं मत होतं, की चाचा कधी कॅनडाला गेलेच नाहीत. उरलेल्या निम्म्यांचं मत होतं, की गेले असतील पण बंदराबाहेर पडले नसतील. मी मात्र अजून ठरवू शकलेलो नाही.

चाचा सांगत ते असं. त्या मुलखात नजर पोचेल तिथवर गव्हाचं सपाट रान. आधी रूळ आले. मग रुळांच्या कडेला एलेव्हेटर उभा राहिला. मग त्याच्याभोवती गाव झालं. आधी गाव आणि मग सोयी, ही आपल्याकडची पद्धत; तिकडे धान्याची सोय आधी आणि माणसांची नंतर. घोडागाडीने दिवसाउजेडी जाऊन परत येता यावं, इतक्या इतक्या अंतरावर एकेक एलेव्हेटर. फळ्यांवर फळ्या आडव्या ठोकत नेलेला, सगळा लाकडी, तांबड्या रंगाचा. शेतकऱ्याने गाडी आत घ्यायची, काट्यावर उभी करायची. कारभाऱ्याने कळ ओढली की खालची जमीनच कलायची आणि गहू खड्ड्यात. तिथून बारक्या बादल्यांचा पट्टा तो गहू थेट माथ्यावर नेई, आपल्या विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखा, आणि वरून तो हव्या त्या कप्प्यात सोडायचा. मालगाडी आली की कप्प्याखालची नळी उघडायची आणि डबा भरायचा.

एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की झालं. चाचांच्या लेखी ही बाळंतपणाची हकिगत होती, बारसं पुढे. गावाचं नाव ठेवलं रेल्वेच्या साहेबाने, आपल्या कुत्र्याच्या नावावरून. रमझानमध्ये सांगताना मात्र कुत्र्याच्या जागी साहेबाची बायको येई. मग एलेव्हेटर एकदा जळला. पुन्हा बांधला. एकदा त्याची भिंत फुटून कारभाऱ्याची गाय गव्हाखाली गाडली गेली. ती आतून खात खात बाहेर आली. या गायीबद्दल शंका घेणाऱ्याला चाचा दोन दिवस चहा देत नसत. शेवटी ट्रक आले, डांबरी रस्ते आले, रेल्वेने तो फाटा बंद केला, रूळ उचलून नेले. लांब कुठंतरी काँक्रीटचे अवाढव्य एलेव्हेटर झाले आणि आपला लाकडी म्हातारा रिकामा उभा राहिला.

ऐकायला बलुची फोर्कलिफ्टवाला, मल्याळी स्टोअरकीपर आणि चार-सहा बांगलादेशी लोडर असत. चाचांनी वेळेचं गणित इतकं पक्कं बसवलं होतं, की सुट्टी संपल्याचा भोंगा आणि एलेव्हेटरला आग लागणं एकाच वेळी होई. "चाचा, खलास, बाकी कल," म्हणून स्टोअरकीपर उठे. एलेव्हेटर रात्रभर जळत राही.

पण ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप चाले, ती चाचा दर वेळी सांगत. प्रत्येक एलेव्हेटरच्या माथ्यावर त्या गावाचं नाव लिहिलेलं असे. माणसाएवढी मोठी अक्षरं. "बर्फ पडला ना, की रस्ता गेला, कुंपण गेलं, घरं गेली. नाव तेवढं वर दिसायचं. लोकांनी नाव वाचायचं आणि घोडा वळवायचा." हे सांगताना त्यांचा आवाज बदले. तेवढ्यापुरती आमच्यातली चेष्टामस्करी बंद होई, बलुचीचीसुद्धा.

चाचांना एक धाकटा भाऊ होता. तोही जहाजावरचा, सुकाणू धरणारा, म्हणजे सुखानी. चाचांनी गल्फच्या पैशांवर गावात स्लॅबचं घर बांधलं, त्यासाठी अंगणातला फणस तोडला आणि त्याचे दरवाजे केले. भाऊ तेव्हा जहाजावर होता. सुट्टीवर आला, रिकामं अंगण बघितलं, दरवाज्यावर हात ठेवला, आत पाऊल न टाकता बॅग उचलली आणि गेला. तेव्हापासून त्याने ना पत्र लिहिलं, ना फोन केला. कुणी सांगे तो याच समुद्रात फिरतो, कुणी सांगे आखाताच्या दुसऱ्या टोकाला असतो.

"एका झाडापायी?" मी विचारलं होतं.

"झाड बापानं लावलेलं," चाचा म्हणाले. "दोघांच्या नावानं. त्याला विचारायला पायजे होतं. तो जहाजावर होता, आणि मना घाई झालेली."

एरवी प्रत्येक चूक मशीनवर ढकलणारा माणूस ही चूक मात्र स्वतःच्या नावावर घेई. जहाज लागलं की चाचा पहिल्यांदा गहू बघत नसत. शिडीवरून वर जात आणि खलाशांना विचारत, अमुक गावचा सुखानी कुणी बघितलाय का. उतरून आले की मूठभर गहू तोंडात टाकत, आणि त्या दिवशी गहू कितीही चांगला असला तरी नंबर तीनच्या वर जात नसे.

एलेव्हेटरचं वेड त्यांना कुठवर घेऊन जाई याचा एक नमुना सांगतो. त्यांना एलेव्हेटरची लाकडी प्रतिकृती हवी होती. लाकूडकाम म्हणजे सूर बंदर, असं म्हणून आम्ही एका शुक्रवारी सूरला गेलो, जिथं धाव नावाची लाकडी गलबतं बांधतात तिथं. एका म्हाताऱ्या सुताराला चाचांनी अरबीत पूर्ण इतिहास सांगितला, गायीसकट. सुताराने सगळं शांतपणे ऐकलं आणि महिन्याभराने या म्हणाला. महिन्याभराने जे मिळालं ते दोन हात उंच होतं, बुडाशी जहाजासारखं निमुळतं होतं, आणि त्याच्या मागच्या अंगाला सुरेख नक्षी होती. जन्मात सुताराने न तरंगणारी वस्तू केलेली नव्हती. ते टेबलावर उभं राहीना. चाचांनी चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाले, "उस्ताद, हे पाण्यात घालायचं नाय." सुतार म्हणाला, "घातलंत तर बुडणार नाही." चाचांनी ते घेतलं आणि आयुष्यभर भिंतीला टेकवून ठेवलं.

पुढे ऑफिसात इंटरनेट आलं, तेव्हा मी त्यांना तिकडच्या पाडापाडीचे फोटो दाखवले. एकामागून एक लाकडी एलेव्हेटर आडवे होत होते. चाचा चष्मा लावून माथ्यावरचं नाव वाचत आणि म्हणत, "आपला नाय." पुढचा. "हाही आपला नाय." सगळे फोटो संपले. चाचा समाधानाने उठले. आपला अजून उभा आहे, असा त्यांनी निकाल लावून टाकला होता. मी कधी त्या गावाचं नाव विचारलं नाही, कारण ते रमझानचं सांगतील की एरवीचं याची खात्री नव्हती.

पण फोटो आले ते दोन हजारच्या पलीकडे. मला सांगायचंय ते त्याआधीचं, नव्वदच्या दशकातलं.

त्या वर्षी सायलोला नवा रंग द्यायचं ठरलं. बांगलादेशी रंगारी दोरांच्या पाळण्यात बसून वरून खाली पांढरा रंग मारत येत होते. जमिनीकडच्या बाजूला कंपनीचं नाव आणि चिन्ह लिहायचं होतं. समुद्राकडच्या बाजूला काहीच लिहायचं नव्हतं, आणि ही गोष्ट चाचांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी रंगाऱ्यांच्या मुकादमाला बोलावलं आणि सांगितलं, की इकडच्या बाजूला हिंदुस्थानी लिपीत 'विडी-सिगारेट ओढू नये' असं लिहायचंय, सेफ्टीचं आहे. स्वतः पत्र्यावर अक्षरं कापून दिली. मुकादमाला ती लिपी येत नव्हती. सेफ्टी म्हटल्यावर गल्फमध्ये कुणी जास्त विचारत नाही.

दोन दिवसांनी मी जेट्टीवरचा दिवा दुरुस्त करायला गेलो, सहज वर बघितलं आणि तसाच बघत राहिलो. ओमानच्या आकाशात, माणसाहून उंच तांबड्या अक्षरांत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. ज्या गावाला एस.टी. सुद्धा दिवसातून दोनदाच जायची त्या गावाचं. ते नाव मी इथं लिहीत नाही. चाचांनी एवढं मोठं लिहिल्यावर मी बारीक अक्षरात काय लिहायचं?

मी धावत चाचांकडे गेलो. "तुम्हाला घरी पाठवतील. व्हिसा कॅन्सल करतील."

"करू देत. तो हितनं गेला तर वाचंल ना?" चाचा म्हणाले. "दुसरं काय लिवलं तर कुणाचंही वाटंल. ह्ये त्यालाच कळंल."

मॅनेजरची खिडकी रस्त्याकडे होती, समुद्राकडे बघायचं त्याला काही कारण नव्हतं. अनेक आठवडे ते नाव तसंच राहिलं. जहाजांवरच्या भारतीय पोरांनी ते वाचलं आणि बंदराचं नाव तेच असणार असं धरलं. एका खलाशाने तर घरी फोन करून मी सध्या अमुक ठिकाणी आहे म्हणून कळवलं, आणि घरचे नकाशा घेऊन बसले. चाचा रोज दुपारी जेट्टीच्या टोकाला जाऊन उभे राहत, वर नाव बघत, मग लांब नांगरून पडलेली जहाजं बघत. इतिहास सांगणं त्यांनी त्या काळात बंद केलं होतं. आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग एका शुक्रवारी गिरणीचे मालक, आमचे म्हातारे अर्बाब, होडीतून मासे धरायला गेले, आणि त्यांनी आपली गिरणी पहिल्यांदाच समुद्रातून बघितली. शनिवारी सकाळी चाचांना बोलावणं आलं. मलाही आलं, कारण ही लिपी वाचता येणारा गिरणीतला दुसरा माणूस मी, म्हणजे मी कटात असणारच असं मॅनेजरने परस्पर ठरवून टाकलं होतं.

अर्बाब तरुणपणी मुंबईत व्यापाराला राहिलेले. हिंदी आमच्यापेक्षा बरं बोलत. मॅनेजर घाम पुसत उभा होता.

"क्या लिखा है?" अर्बाबांनी विचारलं.

"गाव का नाम, अर्बाब."

"किसका गाव?"

"मेरा."

मॅनेजर म्हणाला, "सर, टिकट निकालता हूँ, आज ही भेज देता हूँ." अर्बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "क्यों लिखा?" त्यांनी विचारलं. झालं. चाचांना कुणीतरी आपणहून विचारलं होतं. त्यांनी रुळांपासून सुरुवात केली. मॅनेजरच्या केबिनमध्ये एलेव्हेटर बांधला गेला, जळला, पुन्हा बांधला गेला. गाय गव्हातून बाहेर आली तेव्हा अर्बाब हसले. मग बर्फ आला, माथ्यावरचं नाव आलं, घोडे वळले. आणि मग चाचांनी, आम्हा इतरांसमोर कधीही एका दमात सांगितलं नव्हतं ते, फणसाचं आणि भावाचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "वो इधर से गुजरेगा तो पढेगा. बस, इतना ही."

मला वाटलं, जिंकलं चाचांनी.

"उधर कॅनडा में," अर्बाबांनी विचारलं, "एलेव्हेटर पर कौनसे गाव का नाम लिखते हैं?"

"जिस गाव में खडा है, उसका."

"तुम्हारा गाव यहाँ है?"

इतकी वर्षं ज्या इतिहासाने त्यांनी आमचं डोकं खाल्लं, त्यानेच त्यांना कोपऱ्यात घेतलं होतं.

"यहाँ भी गाव था," अर्बाब म्हणाले. "ये ऑफिस है ना, यहाँ मेरे मामा का घर था. मछलीवाले लोग थे. जेट्टी के लिए सबको उधर सडक के पार भेज दिया. उसका नाम किसी ने नहीं लिखा. मैंने भी नहीं." ते उठले. "अपना मिटाओ. हमारा लिखो. आज."

"एक जहाज आनेवाला है, अर्बाब. वो जाने दो, फिर मिटाता हूँ."

"नहीं. आज."

चाचांना त्यांनी घरी पाठवलं नाही, पण मुदतही दिली नाही. दुपारी चाचा स्वतः पाळण्यात बसले. रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. त्या वयाचा माणूस दोरावर लोंबकळत, वाऱ्यात हेलकावे खात, आपल्या गावाच्या एकेका अक्षरावर पांढरा रंग फिरवत होता आणि आम्ही सगळे खाली उभे होतो. स्टोअरकीपरला रडू आलं. मलाही आलं. दुसऱ्या दिवशी तिथं अरबीत त्या कोळ्यांच्या वस्तीचं नाव लिहिलं गेलं. सडकेपलीकडून म्हातारी माणसं ते बघायला आली, नातवंडांना दाखवू लागली. चाचांनी त्यांना खुर्च्या नेऊन दिल्या आणि चहा पाजला. स्वतः मात्र जेट्टीच्या टोकाला जाणं सोडलं.

पुढे येणाऱ्या जहाजांवरही ते चढेनात. गहू चघळून मुकाट्याने थुंकून टाकत, निकाल देत नसत. मॅनेजरसुद्धा मला एकदा म्हणाला, की याला सांग ना, ती गाय सांगायला.

काही महिन्यांनी एका सकाळी गेटवरच्या फोनवर चाचांच्या घरून फोन आला. तेव्हा गावाहून गल्फला फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार, अशीच समजूत. मी त्यांच्यासोबत धावत गेलो. चाचांनी रिसीव्हर कानाला दाबून धरला.

"कवा?" ते म्हणाले. मग, "काय बोलला?" मग ओरडले, "परत सांग. हळू सांग."

पलीकडे चाची होत्या. आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू येत होतं. दिराचा फोन आला होता, कुठल्याशा बंदरातून, गावातल्या बूथवर. सायलोवर नाव होतं त्या दिवसांत त्याचं जहाज आमच्यासमोर लांब नांगरून पडलं होतं. डेकवर उभा राहून त्याने दुर्बिणीतून किनारा बघितला आणि आपलं गाव वाचलं. आधी त्याला वाटलं उन्हानं डोकं फिरलंय. मग त्याने दुर्बीण दुसऱ्याला देऊन वाचून घेतलं. तेव्हापासून राग दाबून ठेवला होता, तो आता फोनवर निघाला. तुमच्या नवऱ्याला अक्कल आहे का? झाड तोडून दरवाजे केलेन, ते पुरलं नाही, आता गाव उचलून दुसऱ्याच्या भिंतीवर नेऊन चिकटवलंन. सगळ्या जहाजासमोर माझी लाज काढलीन.

"आणि?" चाचा विचारत होते. "अजून काय बोलला? गाढव बोलला? नीट आठव. गाढव आधी बोलला की मागनं?"

चाची वैतागल्या. म्हणाल्या, फोनचे पैसे चढतायत, मी एवढंच सांगते, बाकीच्या शिव्या ईदला घरी येऊन तोंडावर देणार आहे म्हणाला.

चाचांनी रिसीव्हर ठेवला. टोपी काढून तोंड पुसलं, पुन्हा घातली आणि तसेच मॅनेजरच्या केबिनमध्ये सुट्टी मागायला गेले. ईदच्या आठवड्यात सुट्टी म्हटल्यावर मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, एवढं काय काम निघालं गावाला?

"शिव्या खायला चाललोय," चाचा म्हणाले. विमानतळापर्यंत वाटेत जो जो भेटला, त्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं.